ऊब आढ्याला, थंडी पिलांना

पौष-माघाची थंडी आपण घोंगडीत काढतो. गोठ्यातली जनावरे एकमेकांच्या उबेला बसतात. पण यंत्रातून निघालेल्या एका दिवसाच्या कोंबडीच्या पिलाने काय करावे? अंगावर पिसे नाहीत, नुसती मऊ लव. आणि पंखाखाली घ्यायला आई नाही. घरच्या माउलीने पै-पै साठवून शंभर गिरिराज किंवा वनराज पिले आणावीत आणि आठवड्याभरात त्यांतली वीस-पंचवीस खड्ड्यात पुरावी लागावीत, हे माझ्या नोकरीत मी पुष्कळदा पाहिले आहे. प्रत्येक वेळी दोष मात्र पिलांच्या जातीला नाहीतर रोगाला दिला जातो.

निफाडकडे थंडी किती कडक पडते, ते तिकडच्या द्राक्षवाल्यांना विचारा. काही वर्षी पारा 5 अंश सेल्सिअसच्याही खाली जातो. तिकडच्या एका वस्तीवर एक वहिनी मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, रात्रभर शेगडी ढणढणत होती. ओझंभर सरपण संपलं. तरी पिलं कोपऱ्यात गोळा होऊन चेंगरली. आता आणखी किती जाळू?"

त्यांची शेड चांगली ऐसपैस होती. कांदा ठेवायला, औजारे दुरुस्त करायला बांधलेली, वर पत्रा, आढे चांगले उंच. मी शिडी लावून वर चढलो. आढ्यापाशी हात धरला तर तिथे चैत्र! खाली पिलांजवळ हात धरला तर बोटे गारठली. हवा तापली की फुगते, हलकी होते आणि वर जाते. वर पत्रा असतो, तो मोकळ्या आकाशाखाली रात्री बर्फासारखा गार पडतो आणि आलेली ऊब बाहेर सोडून देतो. म्हणजे वहिनींचे सरपण पिलांसाठी नव्हे, आभाळासाठी जळत होते.

आता हिशेब करा. चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि सरासरी पंधरा फूट उंच शेडमध्ये 12,000 घनफूट हवा मावते. त्याच शेडच्या एका कोपऱ्यात दहा बाय दहाची जागा आडवली आणि सहा फुटांवर गोणपाटाचे छत ताणले, तर आत 600 घनफूटच हवा उरते. विसावा हिस्सा! आग वाढवण्याआधी छत खाली आणावे, ते याच्यासाठी.

गोणपाट शिवून बाजूला पडदे सोडा. पश्चिमेचा, उत्तरेचा वारा खालून शिरू देऊ नका. पण पडद्याच्या वरच्या कडेला वीतभर फट ठेवा. खाली भाताचे तूस दोन-तीन इंच पसरा. पिलांभोवती दीड फूट उंचीचे पत्र्याचे गोल कडे करा. कड्याला कोपरा नसतो, म्हणून पिले चेंगरत नाहीत. शेगडी पिले येण्याच्या आदल्या दिवशीच पेटवा, म्हणजे जमीन आणि तूसही तापलेले राहील. सरपण वाळलेले हवे. ओल्या लाकडाची बरीच ताकद स्वतःचे पाणी आटवण्यातच जाते आणि वर धूर होतो.

पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीला 95 अंश फॅरनहाइट, म्हणजे 35 सेल्सिअस ऊब हवी. पुढे दर आठवड्याला 5 अंश फॅरनहाइट कमी करीत चला. थर्मामीटर नसला तरी पिलेच सांगतात. शेगडीजवळ गोळा होऊन ओरडू लागली तर थंडी वाजते आहे. लांब पळून चोची उघडून धापा टाकू लागली तर उष्मा फार झाला. सगळी एकाच बाजूला गेली तर वारा लागतो आहे. सगळीकडे सारखी पांगून दाणा टिपत असली, तर तुम्ही खुशाल झोपा.

पण कुठे झोपाल? माझा खरा जीव इथे अडकतो. पिलांची राखण म्हणून घरातले कोणीतरी, बहुधा म्हातारी किंवा शाळकरी पोर, त्याच पडद्याआड अंथरूण टाकते. थंडी आत येऊ नये म्हणून फटी बुजवल्या जातात. निखाऱ्याला धूर नाही, म्हणजे भय नाही, असे आपल्याला वाटते. ते अगदी खोटे आहे. लाकूड, कोळसा किंवा भुसा कोंडलेल्या जागी जळाला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातली प्राणवायूची जागा तो बळकावतो. आधी डोके जड होते, मळमळते, झापड येते. आणि झोपेतला माणूस उठतच नाही. डोके दुखू लागले तर आधी माणसाला उघड्या हवेत न्या आणि लगेच दवाखाना गाठा. विस्तव मागाहून पाहता येईल.

उपाय आपल्या ओळखीचाच आहे. गुऱ्हाळाचे चुलवण बाहेरून जाळतात, तसे शेगडीचे तोंड पडद्याबाहेर आणि पोट आत ठेवा. न्हाणीतल्या बंबाला मधून नळी असते, तशी लोखंडी नळी लावून धूर पत्र्याच्या वर काढून द्या. काश्मिरात, हिमाचलात बुखारी अशीच नळीची असते. शेगडीभोवती विटा रचून मातीने लिंपा, म्हणजे विस्तव मंदावला तरी भिंत पहाटेपर्यंत ऊब देत राहते. गोणपाट, तूस आणि तापलेली नळी यांच्यात तीन हातांचे अंतर राखा, आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. अंथरूण मात्र पडद्याच्या बाहेर, मोकळ्या हवेत. रात्री दोनदा उठून डोकावले की राखण झाली.

त्या वहिनींनी आठ जुनी पोती उसवून छत शिवले. पुढच्या खेपेला सरपण निम्म्याहून कमी लागले आणि पिले कड्यात पांगून दाणा टिपू लागली. पोती तर प्रत्येक घरात असतात. थंडी पडण्याआधी एक दुपार सुई-दोरा घेऊन बसायचे, एवढेच.