पाकिटावरचं चित्र कुणाच्या हातचं?

भगिनींनो, पापडाचं पीठ किती कुटायचं, नाचणीचं सत्त्व कितीदा गाळायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण तोच पापड पाकिटात घालून अनोळखी माणसाला विकायचा म्हटलं, की आपले हातपाय गार पडतात. शेजारीण पापड घेते ती तुमच्याकडे बघून. दुकानात तुम्ही नसता. तिथं तुमच्या वतीनं बोलतं ते पाकीट. मग त्या पाकिटाला बोलायला शिकवणारा माणूस, म्हणजे आजच्या भाषेत डिझायनर, कसा निवडायचा?

आमचा भाटघरचा बाराजणींचा गट. हातसडीचा तांदूळ, तांदळाचे पापड आणि नाचणीचं सत्त्व असा आमचा माल. महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये टाकून दीड वर्षात २१,६०० रुपये जमले. आकडा तुम्हाला लहान वाटेल. पण त्यातले कितीतरी हप्ते भाजीच्या, औषधाच्या पैशांतून वाचवलेले आहेत, हे वही मी लिहीत असल्यामुळे मला ठाऊक आहे. हे पैसे एकदा चुकीच्या जागी गेले असते, तर पुढच्या महिन्यात निम्म्याजणी घरातून सुटल्या नसत्या. ‘बघा, सांगितलं नव्हतं?’ म्हणणारी माणसं प्रत्येक घरात असतातच की!

आता पहिला प्रश्न नात्यातला. गट काढला रे काढला, की कुणाचा तरी भाचा किंवा पुतण्या पुढं येतो. “काकू, कशाला पैसे घालवता? मी मोबाइलवर पाच मिनिटांत करून देतो!” आमच्याही एकीच्या भाच्यानं करून आणलं. कमळ, कळस, नमस्काराचे हात आणि वर सोनेरी अक्षरं. बघून सगळ्या गप्प. मुलगा गुणी, मायेनं केलेलं काम. त्याला नावं कोण ठेवणार? शेवटी आमच्यातल्या थोरल्या मावशी म्हणाल्या, “बाळा, नात्यात चूक दाखवता येत नाही, आणि धंद्यात ती दाखवावीच लागते. तू आमच्या मालाचे फोटो काढ, त्यात तुझा हात छान आहे.” तो फोटो काढायला लागला आणि मावशीभाचे दोघंही खूश. फुकटच्या कामात हीच अडचण असते: ते परत करून मागता येत नाही.

दुसरा गैरसमज छापखान्याचा. आम्ही भोरच्या एका छापखान्यात गेलो. मालक सज्जन. म्हणाले, “मजकूर आणि चित्र तुम्ही द्या, मी चोख छापून देतो.” त्यांचं बरोबरच होतं. शिवणारा आणि कापड विणणारा वेगळा, तसं आखणी करणारा आणि छापणारा वेगळा. मात्र छापखान्यातून एक मोलाची गोष्ट कळली. रंगीत छापलेल्या चकचकीत पिशव्या करायच्या, तर प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर घडवावा लागतो. त्यामुळे थोड्या पिशव्या कुणी करून देत नाही. नव्या गटानं साध्या पिशवीवर चिकटपट्टीचं लेबल लावून सुरुवात करावी, हे उत्तम. म्हणून डिझायनरला आधीच सांगा, की काम लहान लेबलाचं आहे आणि ते दोन रंगांतही उठून दिसलं पाहिजे.

मग पुण्यातला एक स्टुडिओ. थंडगार खोली, कॉफी, भिंतीवर मोठमोठी कामं. त्यांनी पस्तीस हजार सांगितले आणि नमुना म्हणून तीन चित्रं दाखवली. एकावर फेटेवाला शेतकरी, एकावर राजगड, एकावर आमचं धरण. खाली अक्षरं होती: ‘दर्याखोर्यातला तांदूळ’. आम्ही एकमेकींकडे बघितलं. आमचा तांदूळ दऱ्याखोऱ्यांतला. हा तर समुद्रातला निघाला! मराठीत ‘दऱ्या’ लिहिताना अर्धा र वेगळा काढावा लागतो. तो काढला नाही, की ‘दर्या’ होतो, आणि दर्या म्हणजे सागर. हे सांगितल्यावर उत्तर आलं, “एवढं कोण बघतंय?” त्या एका वाक्यानं आमचा निर्णय सोपा झाला. ज्याला आपली अक्षरं क्षुल्लक वाटतात, त्याला आपला माल मोठा कसा वाटेल?

या अक्षरांच्या बाबतीत आपण मराठी माणसं भाग्यवान आहोत. र. कृ. जोशींसारखा (१९३६–२००८) अक्षरांचा जाणता आपल्याकडे होऊन गेला. संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांनी घडवला. कमल शेडग्यांनी नाटकांच्या नावांची अक्षरं अशी काढली, की जाहिरात वाचण्याआधीच नाटकाचा नूर कळावा. तेव्हा डिझायनरचं काम बघताना चित्रांआधी अक्षरं बघा. मराठी वळणाचा ल आणि श आहे का, ळ नीट बसलाय का, ऱ्य फुटलाय का, हे चष्मा लावून तपासा. त्याला सरळ सांगा, “‘कोऱ्या पाकिटात सुकवलेल्या कुरडया’ एवढं लिहून दाखवा.” अर्धी परीक्षा तिथंच होते.

शेवटी आम्ही जिला काम दिलं, ती उपयोजित कला शिकलेली, एकटीनं काम करणारी मुलगी. तिनं पहिल्या भेटीत एकही चित्र दाखवलं नाही. एसटीनं भाटघरला आली, पडवीत बसली आणि विचारत राहिली. माल कोण घेतं? कुठं ठेवणार? शेजारी कुणाची पाकिटं असतील? किंमत किती? आणि मग एक प्रश्न, जो आजवर कुणी विचारला नव्हता: “पाकिटावर काय नको?”

“धरण नको,” मावशी पटकन म्हणाल्या.

बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटेल. भाटघर म्हटलं की धरण, आणि ते आहेही देखणं. पण वेळवंडीवर अडवलेलं हे पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती, इंदापूर, फलटणकडं उसाला जातं. आमचा भात इथं पावसावरच पिकतो. मावशींच्या आजेसासऱ्यांची खाचरं त्याच पाण्याखाली गेली. त्या खाचरांवरचं पाणी आमच्या तांदळाच्या पाकिटावर कसं छापायचं? पोरीनं वहीत लिहून घेतलं आणि पंधरा दिवसांनी आली ती डोंगराच्या उतरणीवरच्या खाचरांच्या पायऱ्या घेऊन. चार हिरव्या रेघा, बस्स. मावशींनी बोट ठेवलं, “हा बांध.” आम्हाला आणखी काही विचारावं लागलं नाही.

पण नुसत्या कौतुकावर काम देऊ नका, बरं का! व्यवहार कागदावर हवा. आमचे नऊ हजार ठरले: तीन सुरुवातीला, तीन नमुना पसंत पडल्यावर, तीन सगळ्या फाइली हातात आल्यावर. किती नमुने, किती वेळा दुरुस्ती, किती दिवस, सगळं लिहिलं. फाइल मागताना नुसता फोटो घेऊ नका. मोठं-लहान करता येईल अशी मूळ, उघडी फाइल घ्या. नाहीतर उद्या वजनाचा आकडा बदलायचा, तरी पुन्हा तिच्या दारात.

आणखी एक गोष्ट फार थोड्याजणींना ठाऊक असते. पैसे दिले म्हणजे चित्र आपोआप आपलं झालं, असं धरून चालू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा, तर तो सहीनिशी लेखी द्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारत धरतात. म्हणून ‘कायमचा आणि सर्वत्र’ हे शब्द विसरू नका. नाव आणि चिन्ह पुढं व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येतं. ती नोंद दहा वर्षांची असते आणि नूतनीकरण करता येतं.

लेबलावर कायद्यानं लागणाऱ्या गोष्टींसाठी जागा आधीच राखायला सांगा: पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमानं घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची आणि टिकण्याची तारीख, सर्व करांसह किंमत, पत्ता, तक्रारीसाठी फोन, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांक आणि शाकाहाराचा हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका. ही माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत लागते. मराठी त्याच्या जोडीला घालावी. चित्र सुंदर आणि वजनाला जागाच नाही, अशी लेबलं मी बघितली आहेत.

छापण्याआधी घरगुती कसोटी घ्या. लेबलाची काळी-पांढरी झेरॉक्स काढा, पाकिटावर चिकटवा, दुकानातल्या फळीवर इतर पाकिटांत ठेवा आणि चार पावलं मागं व्हा. दिसलं तर ठीक. मग लिहिता-वाचता न येणाऱ्या आजींना विचारा, “आत काय असेल?” त्यांनी ओळखलं, तर छापा.

कुणी म्हणेल, माल चांगला असला की झालं, हा थाट कशाला? मुंबईत गिरगावात १९५९ साली सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, तेव्हा त्यांच्याकडं कसला थाट होता? पण तीन वर्षांनी नाव हवं झालं, तर त्यांनी पाच रुपयांचं बक्षीस लावून स्पर्धा घेतली आणि ‘लिज्जत’ हे नाव निवडलं. किर्लोस्करवाडीच्या नांगराची ओळख गावोगाव करून देण्यात शंकरराव किर्लोस्करांसारख्या चित्रकाराचा हात होता. १९२० साली कारखान्याच्या मालाच्या प्रसारासाठी त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. १९३० साली सुरू झालेलं ‘स्त्री’ मासिकही त्यांचंच. लोखंडाच्या नांगरालाही चित्रकार लागला, मग आपला पापड का मागं राहावा?

एक शेवटचं. नऊ हजार ऐकून आमच्यातल्या एकीनं विचारलं, “चार रेघांचे एवढे?” प्रश्न वाजवी आहे, पण तो आपल्यालाही रोज ऐकू येतो: “पापडच ना, त्याचे एवढे?” त्या रेघांमागं पंधरा दिवस, शिक्षणाची वर्षं आणि एसटीच्या खेपा होत्या, जशी आपल्या पापडामागं पहाट असते. घासाघीस करायची तर कामाच्या व्याप्तीत करा: एक नमुना कमी घ्या, एक लेबल पुढच्या वर्षावर टाका. कष्टाच्या मोलात करू नका. आमच्या वहीत तिचा तिसरा हप्ता ठरल्या दिवशी ‘दिला’ म्हणून लिहिलेला आहे, आणि त्यापुढं बाराजणींच्या सह्या आहेत. त्यातल्या दोन अंगठे आहेत.