जर्दा आमच्या घरी

पिंजऱ्यातला पक्षी घरात आणावा की नाही, यावर आमच्याकडे जवळजवळ महिनाभर चर्चा चालली. धाकट्या लेकीला कॉकाटिल हवा होता. दादींचे म्हणणे एकच, "अल्लाहने ज्याला पंख दिले, त्याला गजांमागे का ठेवायचे?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

हदीसमध्ये दोन्ही गोष्टी सापडतात. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याकडे एक चिमुकला पक्षी होता. पक्षी मेला आणि मुलगा उदास झाला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी गमतीच्या प्रेमळ शब्दांत त्याची विचारपूस केली. नीट निगा राखली तर पक्षी पाळणे जायज आहे, असे अनेक उलेमा यावरून सांगतात. आणि मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस तर सर्वांना ठाऊक आहे. दादी म्हणाल्या, "आणा, पण दुसरी विसरू नका."

आपल्याकडचा हिरवा पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. जुन्या नाशकात कितीतरी ओट्यांवर तो अजून दिसतो, हे वेगळे. कॉकाटिल मूळचा ऑस्ट्रेलियाचा, काकाकुव्याच्या घराण्यातला सर्वांत लहान. इथे विकले जातात ते पिंजऱ्यातच जन्मलेले असतात. दुकानदार पंखही न फुटलेले पिल्लू देऊ पाहत होता. हाताने भरवले की लळा लागतो, म्हणे. आम्ही ते घेतले नाही. भरवताना घास श्वासनलिकेत गेला किंवा जास्त गरम असला तर पिल्लू दगावते. स्वतः दाणे टिपणारे, अडीच महिन्यांचे पिल्लू घेतले. पिवळे अंग, गालांवर केशरी ठिपके. म्हणून नाव जर्दा. दावतीतला, तंबाखूचा नव्हे!

पहिला आठवडा कोणी पिंजऱ्यात हात घातला नाही. लेक शेजारी बसून शाळेचे धडे मोठ्याने वाचायची, एवढेच. मग गजांमधून राळ्याचे कणीस धरायला लागली. जर्दा आधी दूरच्या कोपऱ्यात, मग अर्ध्या दांडीपर्यंत, आणि बाराव्या दिवशी कणसापर्यंत. त्याचा तुरा बघायला आम्ही शिकलो. ताठ उभा म्हणजे दचकला, डोक्याला चिकटवून फुसफुसला म्हणजे रागावला, सैल मागे झुकलेला म्हणजे खुशीत. तुरा चिकटला की हात मागे घ्यायचा, हा घराचा कायदा झाला. पाहुण्यांची मुले हट्ट करतात, तेव्हा तो पाळून घेणे सर्वांत अवघड जाते. महिन्याने तो आपणहून बोटावर चढला. पकडून चढवला असता तर लवकर चढला असता, पण मग हात दिसला की पळाला असता.

खरा बदल पिंजऱ्याबाहेर करावा लागला. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याचा धूर माणसाला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. ते तवे आम्ही काढून टाकले. भाकरी लोखंडी तव्यावर तशीही चांगली होते. जुमेरातचे लोबान आणि अगरबत्ती आता दुसऱ्या खोलीत, दार लावून. जर्दा बाहेर असला की छताचा पंखा बंद, बटणावर चिकटपट्टी, खिडक्यांना पडदे. रमजानमध्ये सहरीला दिवे लागतात आणि याला दहा-बारा तास झोप हवी, म्हणून त्याचा पिंजरा आतल्या खोलीत जातो. तिथे एक मंद दिवा ठेवतो, कारण पूर्ण अंधारात कॉकाटिल दचकून स्वतःला आपटून घेतात. खाण्यात बाजरी, राळा, धुतलेली मेथी-कोथिंबीर, किसलेले गाजर. चहा, चॉकलेट, ॲव्होकाडो, मीठ बिलकूल नाही. नाशिकची द्राक्षे मात्र नीट धुऊन, तीही अर्धेच. फवारणीचा भरवसा नाही.

मध्यंतरी लेकीनेच विचारले, "याला सोडून देऊ या का?" तिला वाटले, सवाब मिळेल. दादी गप्प राहिल्या. त्यांच्या मनातलेच ती बोलली होती. पण नाशिकच्या आभाळात हा दोन दिवस टिकणार नाही. दाणा-पाणी शोधायला त्याला कोणी शिकवलेले नाही, कावळे आणि शिक्रे आहेत, आणि संक्रांतीला मांजा. त्याचे रान हजारो किलोमीटर दूर, आणि तेही त्याने कधी पाहिलेले नाही. म्हणजे दया येऊनही आता सोडता येत नाही. आणताना ठरले ते ठरले. नीट जपला तर कॉकाटिल पंधरा-वीस वर्षे जगतो. लेक आज दहा वर्षांची आहे. उद्या तिच्या सासरी हा चालेल का, इथपर्यंत बोलणे गेले, तेव्हा दादी म्हणाल्या, "आधी ते विचारायचे, मग हुंडा-बिंडा नको म्हणून सांगायचे."

पक्षी आजार लपवतो. दिसू लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर आम्ही आधीच शोधून ठेवला, आणि दर जुम्याला सकाळी जर्दाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर उभा करतो. आकडा वहीत लिहायचे काम दादींनी मागून घेतले आहे. गेल्या जुम्याला ९२ ग्रॅम भरला.