ब्लरचा गायक आणि आमच्या आशाबाई

रात्री ‘गोरिलाझ’ या बँडचा ‘द माउंटन’ हा अल्बम ऐकत बसलो. मुखपृष्ठावर चक्क देवनागरीत ‘पर्वत’! डेमन अल्बर्न मूळचा ‘ब्लर’ या रॉक बँडचा गायक. तिथे नाव, पैसा सगळं असताना १९९८ मध्ये त्याने चित्रकार जेमी ह्युलेटबरोबर ‘गोरिलाझ’ हा दुसरा संसार मांडला. पुढे कार्टूनची पोरं, मागे खरे वादक. चेहरा झाकला की गळा मोकळा होतो, असं मला तरी वाटतं. या अल्बममध्ये त्याच्या गाण्यात सांगलीत जन्मलेल्या आशाबाई भोसले नव्वदी ओलांडल्यावर गायल्या. त्यांना याचं काय अप्रूप असणार? १९९१ मध्येच त्या बॉय जॉर्जबरोबर गाऊन मोकळ्या झाल्या होत्या.

अशा गाण्यात शोभेल असा ठेका आमच्याकडेही आहे. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या किनवटकडे दिवाळीत गोंडांची दंडारी ही नाचणाऱ्यांची टोळी निघते. त्यातल्या घुसाडी नर्तकाच्या डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा मुकुट, अंगाला राख, पायात घुंगरू, आणि ढोल असा की छाती हादरते. उद्या कुण्या रॉकवाल्याला हा ठेका भावला तर त्याने खुशाल यावं. फक्त ढोल वाजवणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर छापावं आणि बिदागी आधी ठरवावी.