हार्लेमच्या अपोलोत बुधवारची रात्र

२०१९ च्या उन्हाळ्यात लेकीकडे न्यूयॉर्कला जाण्याचा योग आला. पहिली भेट कोलंबिया विद्यापीठाला द्यायची, हे आम्ही उभयतांनी मुंबईतच ठरविले होते. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब जेथे शिकले, तेथल्या पायऱ्यांवर आम्ही बराच वेळ बसून राहिलो. त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आम्ही सांगणार आहोत ते तेथून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर असलेल्या एका जुन्या थिएटरविषयी.

विद्यापीठ टेकाडावर आहे. पूर्वेला खाली उतरले की हार्लेम. तेथल्या एका हमरस्त्याला फ्रेडरिक डग्लसचे नाव दिले आहे. गुलामगिरीतून निसटून गुलामांच्याच मुक्तीसाठी झटलेला हा माणूस. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ कोणाला अर्पण केली, ते वाचकांना ठाऊकच आहे. पाटी वाचून आमच्या सौभाग्यवती क्षणभर थांबल्या. त्या रस्त्यापासून थोड्याच अंतरावर, १२५ व्या स्ट्रीटवर, ‘अपोलो’ आहे.

ही इमारत उघडली १९१४ साली, म्हणजे बाबासाहेब कोलंबियात होते तेव्हाच. वास्तुरचनाकार जॉर्ज किस्टर. चालविणारे हर्टिग आणि सीमन. तेव्हा तेथे बर्लेस्क चाले. नकला, नाच, गाणी, थोडा चावटपणा असा तो खेळ, व्हॉदव्हिलचा जवळचा नातलग. आपल्याकडच्या तमाशातली बतावणी आठवावी. पण दारावर काळ्या माणसाला मज्जाव! हार्लेममध्ये काळ्यांची वस्ती वर्षागणिक वाढत होती, आणि वस्तीतल्याच थिएटरात वस्तीतल्या माणसाला पाय ठेवता येत नव्हता. पाणवठा आणि देवळाचा अनुभव असलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

बर्लेस्कविरुद्ध शहरात मोहीम सुरू झाली, धंदा बसला. २६ जानेवारी १९३४ रोजी सिडनी कोहेन या मालकाने तेच थिएटर ‘अपोलो’ म्हणून उघडले, ते काळ्या प्रेक्षकांसाठी. मालक गोरा, त्यामागे उदारता किती आणि तिकीटबारी किती, हा हिशेब ज्याने त्याने करावा. त्याच साली समोरच्या ब्लमस्टाईन या मोठ्या दुकानावर काळ्यांनी बहिष्कार घातला होता. आमच्या पैशाने माल खपतो, मग विक्रीच्या टेबलामागे आमची मुलगी का नको, एवढेच विचारायचे होते. दुकानदाराला नमावे लागले.

आणि त्याच वर्षी, २१ नोव्हेंबरला, सतरा वर्षांची एक पोरकी मुलगी हौशी कलावंतांच्या स्पर्धेत उतरली. नाचायचे ठरवून आली होती. आधीच्या बहिणींचा नाच पाहून धीर सुटला, म्हणून गायली. पहिले बक्षीस घेऊन गेली. ती एला फिट्झजेराल्ड.

ती हौशींची रात्र आम्हीही पाहिली. वरच्या माळ्यावरची स्वस्त तिकिटे जावईबापूंनी काढली होती. स्पर्धक मंचावर येताच एका लाकडी ओंडक्यावर हात फिरवतो. लाफायेट थिएटरपुढे एक झाड होते, त्याखाली बेकार कलावंत कामाची वाट पाहत उभे राहत. १९३४ मध्ये ते तोडले, त्याचाच हा तुकडा. पब्लिक मात्र निर्दय. गाणे पसंत नसेल तर ओरडा करते, भोंगा वाजतो आणि झाडू घेतलेला एक इसम नाचत येऊन गायकाला हाकलून लावतो. एका तरुणाला असे घालविले तेव्हा सौभाग्यवतींनी डोळ्यांना पदर लावला. आम्हाला मात्र जलशाचे फड आठवले. भीमराव कर्डकांच्या काळातही समोरच्या माणसाला जिंकल्यावाचून सुटका नव्हती.

पुढे १९७० च्या दशकात थिएटर बंद पडले. १९८१ साली ते विकत घेतले पर्सी सटन यांनी. सटन हे माल्कम एक्स यांचे वकील, स्वतः कृष्णवर्णीय. आत शिरायला वीस वर्षे लागली होती, मालकीला आणखी सत्तेचाळीस. १९६२ साली जेम्स ब्राऊनने स्वतःचे पैसे घालून येथेच कार्यक्रम ध्वनिमुद्रित केला. २००६ च्या डिसेंबरात त्याचे पार्थिव याच मंचावर ठेवले, तेव्हा १२५ व्या स्ट्रीटवर रांगा लागल्या.

खेळ संपल्यावर बाहेर आलो. तो हाकलून दिलेला तरुण फुटपाथवर उभा होता, मित्रांच्या घोळक्यात, हसत. लेकीने विचारले, “पुन्हा येणार का?”

“पुढल्या साली,” तो म्हणाला.