नाशिकची एक निराळी यात्रा

नाशिकास गेलेला मनुष्य रामकुंडावर स्नान करून व काळारामाचें दर्शन घेऊन परततो. आम्हींही अनेक वर्षें तेंच केलें. यंदा मात्र पंचवटींतून होळकर पुलावरून गोदावरी ओलांडून आम्ही पंडित कॉलनीकडे वळलों. त्यास कारण आमचेंच एक जुनें पातक.

पस्तीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. दहापर्यंत मोजतांना तो सहावर अडखळे. आम्हीं त्यास शेवटच्या बांकावर बसविलें, आणि पुढें वडिलांस बोलावून 'यास शाळेंतून काढा' म्हणून सांगितलें. कोणीही मनुष्य निरुपयोगी नसतो, त्याची योजना करणारा मात्र विरळा, या आशयाचें सुभाषित त्याच वर्षीं आम्ही वरच्या वर्गाकडून घोकून घेत होतों!

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीं रजनीताई लिमये यांनीं १९७७ सालीं नाशकांत प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलें. स्वतःचा मुलगाच तसा असल्यानें त्याची निकड त्यांस घरींच कळली होती. शाळा संपल्यावर या मुलांनीं करावयाचें काय, या प्रश्नापायीं पुढें संस्थेची कार्यशाळाही निघाली.

अशा कार्यशाळांतील कामाची रीत समजून घेतां आमची मान खालीं गेली. तेथें एका कामाचे लहान लहान टप्पे पाडतात. पाकिटाचा कागद एकानें दुमडावा, दुसऱ्यानें खळ लावावी, तिसऱ्यानें पाकिटें मोजावीं. ज्यास मोजतां येत नाहीं, त्याच्यापुढें दहा चौकोन आंखलेली फळी ठेवावयाची. प्रत्येक चौकोनांत एक पाकीट ठेविलें कीं दहा झालीं! एवढी एक फळी आम्हांस त्या मुलासाठीं सुचली नाहीं. मग मंद कोण, तो कीं आम्ही?

परंतु कार्यशाळेच्या फाटकाशीं हा प्रश्न संपत नाहीं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा दिव्यांगांसाठीं राखल्या. त्यांतील १ टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार इत्यादि असलेल्यांसाठीं आहे. पण कायदा आपल्या दुकानांत वा दिवाणखान्यांत शिरूं शकत नाहीं; तेथें योजक आपणच व्हावयास हवें. दिवाळींत दयेनें चार पणत्या विकत घेणें सोपें आहे. शेजारच्या अशा तरुणास रोजचें नेमकें काम, त्याचा रास्त मोबदला आणि लग्नामुंजींत पंक्तीचा पाट देणें अवघड. पण करावयाचें तें तेंच.

परततांना पुलावर क्षणभर थांबलों. गोदास्नानानें पातक धुतलें जातें म्हणतात. आमचें गेलें नाहीं. तो मुलगा आतां पंचेचाळिशींत असेल. त्याचा पत्ता शोधण्यास आम्हीं आरंभ केला आहे.