फळी आधी स्कूटरला होती

म्हाताऱ्या कुत्र्याला पलंगावर चढता यावं म्हणून घरी सुतार बोलवायचा, त्याला मापं द्यायची आणि वर चहाही पाजायचा, हे आमच्या आज्यांना सांगितलं असतं तर त्यांनी आधी आमच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला असता. मग विचारलं असतं, 'पण कुत्रं पलंगावर कशाला?' प्रश्न बिनतोड आहे. आमच्या पिढीकडे त्याला उत्तर नाही. रॅम्प आहे.

आम्ही वाढलो त्या सातारा-सांगलीकडच्या घरांत कुत्र्याची जागा ठरलेली असे. उंबऱ्याच्या आत माणसं, उंबऱ्याबाहेर कुत्रं, आणि मांजराला कुठलाच नियम लागू नाही. आमचा मोती मागच्या दाराच्या पायरीवर बसायचा. त्याला कुणी आणलं नव्हतं. तो आला आणि राहिला. गल्लीगल्लीत असे मोती, वाघ्या, राजा, टिप्या होते, आणि एखाद्या शिकल्यासवरल्या घरात टायगर नाहीतर टॉमी. नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला गळ्यात असला की कुत्रं घरचं, नसला की गल्लीचं. रात्री सगळ्यांची जेवणं उरकली की आई चतकोर भाकरी उरल्यासुरल्या आमटीत कुस्करून मागच्या दारी यायची आणि 'यू, यू' करून हाक मारायची. खरं तर हाकेची गरज नव्हती. मोरीत ताटं पडल्याचा आवाज झाला की मोती पायरीवर हजर असायचा. तरी आई हाक मारायची, आणि तरी तो हाक आल्यावरच उठायचा. हा रिवाज दोघांनीही कधी मोडला नाही.

आता ब्रुनोचं जेवण मापाच्या कपाने मोजलं जातं, आणि जेवणाची वेळ झाल्याचं मोबाईल सांगतो. ब्रुनो मुळात मुलाचा. नोकरी लागल्याच्या आनंदात त्याने हे लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं, 'त्याचं सगळं मी करीन' असं आईला वचन दिलं आणि यथावकाश तो डॅलसला गेला. पुण्यात आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांची हीच कथा आहे: मुलं परदेशात, कुत्रं आईबापांकडे. रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलगा 'ब्रुनो!' म्हणतो आणि ब्रुनो फोनच्या मागे जाऊन त्याला शोधतो. एरवी तो उंबऱ्याच्या आतच काय, आम्हा दोघांच्या मधे झोपतो. पण आता त्याला अकरावं वर्ष लागलं आहे, म्हणजे हिशेबाने तो आमच्याहून थोरला. उठताना त्याचे मागचे पाय थरथरतात, जिना चढताना ते दोन्ही पाय तो एकदम टाकतो आणि पलंगापाशी आला की थांबतो. डॉक्टरांनी एक्स-रे काढून दाखवला: खुब्याची वाटी उथळ, सांधा झिजलेला. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या अंगाच्या जातींत ही खोड बरीचशी वंशातूनच येते, आणि वजन वाढलं की तिला जोर चढतो. वजन उतरवा, उड्या बंद करा, घरात रॅम्प करून घ्या, असं त्यांनी सांगितलं. आणि तुमच्या स्वतःच्या अंगदुखीच्या गोळ्या त्याला चुकूनही देऊ नका, त्या त्याच्या जिवावर बेततील, हे दोनदा.

मोतीला खुबे नव्हते असं नाही. खुबे दुखण्याच्या वयापर्यंत पोचायची सवलत त्याच्या पिढीला नव्हती. खरूज होती, गोचिडी होत्या, एसटीचं चाक होतं, नगरपालिकेचं विष होतं. आणि ऐंशीच्या दशकात पार्व्होची साथ आली तेव्हा वेतंच्या वेतं गेली. लस ही गोष्ट आम्हाला कुत्रं चावल्यावरच आठवायची, आणि तीही पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या धास्तीने. (ती जुनी लस देशात बंद व्हायला २००४ साल उजाडलं, आता दंडात चार-पाच सुया घेऊन भागतं.) मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, पण परळ आमच्यापासून रात्रभराच्या प्रवासावर. आमच्याकडचा सरकारी जनावरांचा दवाखाना होता गाईम्हशींचा. तिथे कुत्रं घेऊन गेलं की कंपाउंडरपासून बाहेर बसलेल्या शेतकऱ्यापर्यंत सगळे हसायचे. मोती लंगडायला लागला तेव्हा कुणीतरी हळद-तेल लावलं, कुणीतरी 'वय झालं' म्हटलं, आणि एक दिवस तो पायरीवर दिसला नाही. आम्ही शोधलं, पण फार शोधलं नाही.

म्हणून जुन्या काळाबद्दल गळा काढताना आम्हीच आमचा गळा धरतो. आता कुत्र्यांसाठी पाण्यातली ट्रेडमिल असते, लेझर असतं, मागच्या पायांना चाकांची गाडी असते. २०२४ मध्ये टाटांनी मुंबईत महालक्ष्मीला फक्त छोट्या प्राण्यांसाठी मोठं रुग्णालय उघडलं. हे आम्ही पेपरात वाचलं तेव्हा आधी हसलो आणि मग पत्ता टिपून ठेवला.

पण एक गोष्ट उरतेच. मोतीच्या जगात चढायला काही नव्हतं. खाली शेणाने सारवलेली जमीन, पुढे सुधारणा झाली ती शहाबादी फरशी. दोन्हींवर नखं रुतायची किंवा निदान पंजा ठरायचा. बसायला सतरंजी, निजायला जमिनीवर गादी, आणि सकाळी तीही गुंडाळून भिंतीला. सोफा नव्हता, तेव्हा सोफ्यावरून उडी नव्हती. कुत्रंही कुणाच्या हौसेने घडवलेलं नव्हतं. जी काटक होती ती जगली आणि त्यांचीच पिल्लं पुढे पायऱ्यांवर बसली.

मग आम्हाला बरे दिवस आले. आम्ही आरशासारख्या टाइल्स बसवल्या, ज्यांच्यावरून मोजे घातलेला माणूसही घसरतो. आम्ही बॉक्स-बेड करून घेतला, कारण कुणालाच नको असलेली तांब्यापितळेची भांडी ठेवायची कुठे? १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन'मधला टफी बघून घरोघरी पांढरे केसाळ स्पिट्झ आले, २००३ मध्ये मोबाईल कंपनीच्या जाहिरातीतला पग बघून चपट्या नाकाचे पग आले, आणि लांब पाठीचा, आखूड पायांचा डॅशहुंड तर दिसायलाच इतका मजेदार, की उंचावरून उडी मारली तर त्याच्या मणक्यातली चकती सरकू शकते हे कुणी विचारलंच नाही. घर गुळगुळीत आम्ही केलं, पलंग उंच आम्ही केला, कुत्रं आम्ही निवडलं. आता त्या सगळ्याला उतार लावून द्यायचा एवढंच राहिलं होतं.

त्या उताराचं गणित सोपं आहे, आणि निर्दय आहे. म्हाताऱ्या कुत्र्याला साधारण वीस अंशांचा चढ सोसतो, त्याहून कमी असला तर उत्तम. म्हणजे ढोबळमानाने उंचीच्या तिप्पट लांबीची फळी. दीड फुटी सोफ्याला साडेचार फूट, गादीसकट दोन फुटी पलंगाला सहा फूट. पुण्यातल्या दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये सहा फूट म्हणजे काय, हे ज्याने तिथे कपाट बसवलं आहे त्यालाच कळेल. आमच्याकडे रॅम्प लागला आणि कपाटाचं एक दार कायमचं मिटलं. त्यामागच्या साड्या बाईसाहेबांनी उदार मनाने निवृत्त केल्या. सुतार समजूतदार होता. कुत्र्याचं वजन विचारून त्याने जाड प्लाय घेतला, कडेला इंचभर पट्ट्या मारल्या म्हणजे पाय बाहेर पडू नये, आणि रुंदी दीड फूट ठेवली. पॉलिश मात्र करू का म्हणाला. पॉलिश नको, हे त्याला पटवायला वेळ लागला. न चमकणारं काम देणं त्याच्या जिवावर आलं होतं. घसरू नये म्हणून वर चिकटवायला काय आहे घरात, अशी शोधाशोध झाली आणि एका जुन्या संकल्पाची आठवण म्हणून गुंडाळून ठेवलेली योगा मॅट निघाली. मॅटला अखेर कुणीतरी वापरणारं मिळालं.

ब्रुनोला अर्थात हे काहीच नको होतं. नवी वस्तू दिसली की म्हातारी माणसं जसा चेहरा करतात तसा चेहरा करून तो रॅम्पच्या खालच्या सावलीत जाऊन झोपला. त्याला शिकवायची रीत अशी की फळी आधी जमिनीवर आडवी टाकायची आणि तिच्यावर खाऊ ठेवून नुसतं चालवायचं. मग एका टोकाखाली वीट, मग दोन विटा, आणि मग पलंग. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, पंजांमधले केस आणि नखं वेळच्या वेळी कापायची. ब्रुनोने बरेच दिवस पनीरचे तुकडे फळीच्या बाजूने चालत, मान लांब करून खाल्ले. शेवटी एका रात्री कुणाचं लक्ष नसताना तो आपला आपण वर गेला.

आणि इथेच एक लहानशी गोष्ट गेली. रॅम्प येण्याआधी ब्रुनो पुढचे दोन पाय गादीच्या कडेवर ठेवायचा आणि मान वळवून आमच्याकडे बघायचा. मग एकाने छातीखाली हात घालायचा, दुसऱ्याने मागून धरायचं, आणि 'एक, दोन, हं!' म्हणून तीस किलोचा ऐवज वर घ्यायचा. त्यात आमच्या कमरा जायच्या, कधी चुकीचं धरलं गेलं तर त्यालाही कळ यायची. तेव्हा ते बंद झालं हे बरंच झालं. पण आता तो मान वळवत नाही. सरळ वर जातो, तीन गिरक्या मारतो, पडतो. दिवसभरात फारसं न बोललेली दोन माणसं रात्री एकदा तरी एका सुरात 'हं' म्हणत होती. तेवढं कारण संपलं. मोतीला तर कुणी कधी उचललंच नाही. त्याची पाठ आम्ही पायाने खाजवायचो, आणि तेही चप्पल न काढता.

रॅम्प ही चीज आम्हाला तशी नवी नाही, हे सुतार गेल्यावर लक्षात आलं. आमच्या जुन्या घरीही एक होता. वर्षानुवर्षं नंबर लावून मिळालेली बजाज रस्त्यावर ठेवायला वडिलांचा जीव होईना, म्हणून पुढच्या दाराच्या पायऱ्यांवर एक फळी टाकलेली असे, चाक घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या ठोकलेली. गल्लीत स्कूटर असलेल्या प्रत्येक घराला अशी फळी. रात्री स्कूटर तिच्यावरून डौलात ओसरीत यायची, वर जुन्या चादरीचं पांघरूण घ्यायची. त्याच घरात आजीचे दोन्ही गुडघे गेलेले होते. ती त्या फळीच्या शेजारून, भिंतीला हात लावून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढायची. वरच्या मजल्याच्या जिन्याला धरायला छतापासून एक दोर सोडलेला होता. पुढे तिच्या हातांना तो दोरही पेलेना, तेव्हा ती वर यायची थांबली, मग देवळात जायची थांबली, मग माजघरातच राहिली. मोतीला दिलेलं निदान तिलाही मिळालं होतं: वय झालं. सुतार तेव्हाही गल्लीच्या टोकालाच राहायचा.

आमच्या सोसायटीत आता यावरून वाद आहे. कुत्र्यांचे हे असले लाड, असं चौथ्या मजल्यावरचे काका म्हणतात. त्यांचं एकवेळ खरं असेल. पण त्याच सोसायटीत लिफ्टपर्यंत पोचायला चार पायऱ्या आहेत, रॅम्पचा विषय दर वार्षिक सभेत निघतो आणि पार्किंगची एक जागा जाईल म्हणून मागे पडतो. गाडी अजूनही आजीच्या पुढेच आहे. फरक इतकाच, की तेव्हा ती एक होती.

तेव्हा, तुमच्या घरी म्हातारं कुत्रं असेल तर डॉक्टरांना दाखवा, पलंगाची उंची मोजा, तिप्पट करा आणि सुतार बोलवा. जागाच नसेल तर गादी सरळ जमिनीवर घ्या. आपण सगळे तिथेच झोपून मोठे झालो आहोत. आणि सुतार आलाच आहे, तर त्याला निघायच्या आधी बाथरूममध्ये न्या आणि धरायला एक दांडी मारून घ्या. घरात कुणीही म्हातारं नसलं तरी मारून घ्या.