सामाईक विहीर

शहापूरच्या आमच्या जुन्या घराची वाटणी झाली तेव्हा वाटणीपत्राचा मसुदा आम्हीच केला. सोपा, माजघर, माडी, देवघरातील समयासुद्धा तीन चुलतभावांत वाटल्या गेल्या. परसातील विहीर मात्र वाटता येईना. तेव्हा ‘विहीर सामाईक’ एवढे दोन शब्द लिहून आम्ही मोकळे झालो. जे सामाईक, त्याची काळजी कोणीच घेत नाही, हा आमचा वकिलीतील अनुभव घरातही खरा ठरला.

आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर. वर्षाला सरासरी ५० इंचांच्या आसपास पाऊस. आषाढात दोरीवरचे धोतर चार चार दिवस वाळत नाही. परक्याला वाटावे, येथे पाण्याला काय तोटा! पण हा पाऊस बहुतेक चारच महिन्यांत पडतो आणि वाहून जातो. मग राकसकोप आणि हिडकल येथील जलाशयांकडे डोळे लावून बसावे लागते. २००८ साली शहराच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी आले. आमच्या गल्लीने मात्र त्यानंतरही कित्येक उन्हाळे नळाची वाट पाहण्यात घालविले.

पूर्वीची माणसे विहिरींवर विसंबून असत. १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात आणि लगतचे बेळगाव १९४७ पर्यंत इंग्रजांकडे. परंतु जमिनीखालच्या झऱ्यांना ही हद्द ठाऊक नव्हती. १९२४ साली महात्माजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हाही प्रतिनिधींच्या पाण्यासाठी टिळकवाडीत विहीरच खणावी लागली.

हे सारे ठाऊक असूनही, मोटारी उभ्या करावयास जागा हवी म्हणून विहीर बुजविण्याचे संमतिपत्र आम्हीच लिहिले. सर्वांनी सह्या केल्या. कारवारकडच्या माहेरच्या आमच्या काकूंनी मात्र कागद परत केला.

“बांय पुरूं नाका रे,” त्या म्हणाल्या. आम्ही कायदा सांगू लागलो, तोच त्यांनी विचारले, “तुज्या कागदान नळाक उदक येता कितें?”

त्याच वैशाखात आठ दिवस नळ कोरडा राहिला. नाइलाजाने आम्ही विहिरीवरची जाळी काढली, गंजलेल्या रहाटाला तेल घातले आणि घागर सोडली. पाणी होते! वाटणीपासून दोन वर्षे एकमेकांशी न बोललेली आमची तिन्ही घरे त्या दिवशी कळश्या घेऊन एका काठावर उभी राहिली. एका रहाटावर पाणी ओढायचे, तर “आधी तुम्ही घ्या” एवढे तरी म्हणावेच लागते.

आता दरवर्षी पावसापूर्वी आम्ही मिळून विहिरीतील गाळ काढतो. खर्चाचे तीन समान हिस्से होतात. ते संमतिपत्र काकूंच्या सहीवाचून आमच्या कपाटात पडून आहे. इतकी वर्षे दुसऱ्यांचे कागद तपासले. स्वतःच्या मसुद्यातील चूक दाखवून द्यायला मात्र काकूच लागल्या.